चेकरनं वर बघायचं नसतं

शालन, तुझ्या बाराव्याला मी निपाणीला आले ती रडायला नव्हे, भांडायला आले होते. रडून दवाखान्याच्या व्हरांड्यातच झालं होतं. बसनं संकेश्वर मागं टाकलं तशी मी सवयीनं मनातल्या मनात वाक्यं जुळवायला लागले. खिडकीकडची जागा तुझी म्हणून मी अलीकडे बसले होते. एक बाई मला ओलांडून खिडकीशी जाऊन बसली तेव्हा मला तिचाच राग आला. मग लक्षात आलं, की ज्या प्रश्नाची उजळणी चालली आहे त्याचं उत्तर द्यायला आता कुणी नाही. तीन वर्षं मला झुलवत ठेवलंस आणि सरळ निघून गेलीस. याला काय म्हणायचं?

प्रश्न तोच, जुना. पण पहिल्यापासून मांडते. नाहीतर तू म्हणायचीस, "मंगे, तू नेहमी मधूनच सुरू करतीस."

माझे आप्पा विडी कारखान्यात चेकर. तुझी आई, जिला सगळी गल्ली आक्का म्हणायची आणि मीही म्हणते, त्याच कारखान्याच्या विड्या वळायची. बायकांनी दिवसभर घरी विड्या वळायच्या आणि संध्याकाळी सूप घेऊन कारखान्यात रांगेला उभं राहायचं. आप्पा विड्यांची एकेक जुडी, म्हणजे कट्टा, उचलायचे, अंगठ्यानं दाबायचे, कानाशी नेऊन चुरचुर ऐकायचे. मनाला आला नाही की बाजूच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचे. झाला बाद. बाद कट्टा मजुरीत धरायचा नाही आणि बाईला परतही द्यायचा नाही. त्या बाद विड्याही पुढं मालकच विकतो हे निपाणीतलं शेंबडं पोरही जाणत होतं, पण बोलायची कुणाची टाप नव्हती. मालक कुणाच्या दृष्टीला पडत नसे. दिसायचे ते आप्पा. म्हणून शिव्याशाप आप्पांना, रांगेत असताना ओठातल्या ओठात आणि फाटक ओलांडलं की मोठ्यानं.

आप्पा कामावर असताना कधी मान वर करत नसत. सूप बघायचे, हात बघायचे, बस्स. मी लहानपणी एकदा विचारलं होतं, तर म्हणाले, "चेकरनं वर बघायचं नसतं. तोंड बघितलं की हात थांबतोय." आक्काचे हात त्यांनी शंभर बायकांत ओळखले असते. रस्त्यात समोरून आली असती तर ओळखली नसती.

शाळेत माझ्या बाकावर कुणी बसत नव्हतं. आठवतंय ना? बाई सांगायच्या, "हिच्याजवळ बस गं," आणि पोरी सरकून बसल्यासारखं करून दप्तर मध्ये ठेवायच्या. निम्म्या वर्गाच्या आया विड्या वळणाऱ्या. मी चेकरची पोर. तूही त्या निम्म्या वर्गातलीच, आणि दप्तर मध्ये ठेवण्यात तूही मागं नव्हतीस. हे तू पुढं सोयीस्कर विसरलीस. मी विसरले नाही.

मग सातवीच्या उन्हाळ्याच्या सुट्टीतली ती संध्याकाळ. आप्पा दुपारी जेवले नव्हते म्हणून आईनं मला भाकरी घेऊन कारखान्यात पाठवलं. आक्का रांगेत पुढं, तू तिच्या पदराला. आप्पांनी आक्काचे कट्टे डब्यात टाकले, एक, दोन, मग आणखी. तिचं बोट कात्रीनं कापलं होतं आणि चिंधी बांधून तिनं तसंच काम केलं होतं, म्हणून त्या विड्या ढिल्या. आप्पा हात धुवायला उठले. मी डब्यात हात घातला, दोन कट्टे काढले आणि पास झालेल्या कट्ट्यांत ठेवले. दोनच. जास्त काढायची हिंमत झाली नाही. वर बघितलं तर तू माझ्याकडं बघत होतीस.

आप्पांनी कट्ट्याला हात लावल्या लावल्या ओळखलं. तिथल्या तिथं दोन्ही कट्टे परत डब्यात गेले. घरी आल्यावर मात्र त्यांनी मला असं मारलं की डाव्या कानात रात्रभर सूं वाजत होतं. "मालकाच्या चुलीवर आपली भाकरी भाजती," म्हणाले, "आन् तू तिच्यात पानी ओततीस?" दुसऱ्या दिवशी तू आमच्या दारात आलीस. माझा गाल बघितलास आणि चिंचेचा गोळा हातात ठेवून पळालीस. शाळा सुरू झाली त्या दिवशी तू माझ्या बाकावर येऊन बसलीस. दप्तर पलीकडच्या बाजूला ठेवलंस.

म्हणजे आपली मैत्री त्या दोन कट्ट्यांवर उभी होती. म्हणून तर मला एवढं झोंबलं.

पुढं तू बेळगावात हायस्कूलची बाई झालीस. मी लग्न होऊन बेळगावलाच आले. हे उद्यमबागेत फौंड्रीत, मी एका कचेरीत टाइपिस्ट. माझ्या घरी टीव्ही आल्यावर तू दर गुरुवारी जेवायला यायचीस, जेवण हे निमित्त. टीव्हीवर कुठलीही मालिका लागो, तू आपली वाईट माणसाच्या बाजूची. सुनेला छळणारी सासू दिसली की आम्ही सगळे दात ओठ खातोय आणि तू म्हणणार, "हिला कुनीतरी लहानपणी उपाशी ठेवलंय बघा." हे वैतागायचे. म्हणायचे, शालनबाई, चोरालासुद्धा तुम्ही चहा पाजाल. तू म्हणायचीस, पाजीन की, चहा पिताना चोर कसा दिसतो ते कुणी दाखवलंय का कधी? चांगल्या माणसाला रडायला अख्खा भाग देतात, वाईट माणसाला निदान घरी जाऊन जेवताना तरी दाखवा. गाव ज्याच्यावर थुंकतं त्याच्या घरात चूल कशी पेटते ते तुला बघायचं होतं. ते मला पटत होतं. मी त्याच चुलीपाशी वाढले होते, मला का पटणार नाही?

बेळगावातल्या स्पर्धेत तू चेकरवर लिहिलेली एकांकिका पहिली आली, कुणीतरी ती मुंबईच्या टीव्हीवाल्यांपर्यंत पोचवली, आणि तिचं तासाभराचं नाटक झालं. तू मला संहिता वाचू दिली नव्हतीस, स्पर्धेलाही बोलावलं नव्हतंस. म्हणालीस, एकदम टीव्हीवरच बघ. तिथंच मला शंका यायला हवी होती.

दिवाळीत ते टीव्हीवर लागलं त्या संध्याकाळी निपाणीतली आपली आख्खी गल्ली तंबाखूवाल्या अण्णांच्या सोप्यात बसली होती. आमच्याकडं मुंबईचं चित्र धड येत नसे. उंच ॲन्टेना, वर बूस्टर, आणि तरी पडद्यावर मुंग्याच मुंग्या. अण्णांचा थोरला माळवदावर ॲन्टेना धरून उभा, आणि खालून सगळे ओरडतायत, थोडा कोल्हापूरकडं, आता थोडा इकडं. आप्पांना पुढं खुर्ची दिली होती. डोळे अधू झाले म्हणून कारखान्यानं त्यांना वर्षापूर्वीच घरी बसवलं होतं. त्यांना गल्लीत कुणी खुर्ची दिल्याचं मी पहिल्यांदा बघत होते. मी त्यांच्या पायाशी बसले. तू मागं, आक्काजवळ.

नाटक चांगलं होतं, शालन. हे मी तुला कधी म्हटलं नाही, आता म्हणते. चेकर घरी जातो, हाताचा तंबाखूचा वास जात नाही म्हणून पोरगी त्याच्या हातून घास घेत नाही, तो राखेनं हात घासत बसतो. ते खरं होतं. आणि मग तो प्रसंग आला. बोटाला चिंधी बांधलेली बाई रांगेत. चेकर तिचे कट्टे डब्यात टाकतो. सगळे पांगतात. चेकर एकटा उरतो, मान वर करून ती गेली त्या दाराकडं बघतो, डब्यात हात घालतो आणि दोन कट्टे काढून पास झालेल्यांत ठेवतो.

दोन. दोनच.

सोप्यातल्या बायका रडायला लागल्या. ज्यांनी आप्पांच्या नावानं बोटं मोडली होती त्याच. कुणीतरी म्हणालं, "एवढं मनात हुतं व्हय ह्या मानसाच्या?" मी मागं वळून तुझ्याकडं बघितलं. तू पडद्याकडं बघत होतीस, माझ्याकडं नाही. आप्पा नाटक संपल्यावर उठले, घरी आले आणि न जेवता झोपले.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या दारात बायका. कुणी ओल्या शेंगा आणून दिल्या, कुणी वांगी. एकीनं तर आप्पांच्या पायाला हात लावला. म्हणाली, आप्पा, आमी लई बोल्लो तुमाला. आप्पा खाली मान घालून बसले होते, सूप समोर असल्यासारखे. "असूं दे" एवढंच म्हणाले. मी स्वयंपाकघरात दाराआड उभी होते आणि डावा कान गरम झाला होता.

तिसऱ्या दिवशी, बेळगावला परतायच्या आधी, मी तुला गाठलं. विचारलं, ते कट्टे कुणी काढले होते? तू म्हणालीस, तू. मार कुणी खाल्ला? तू. मग ते आप्पांच्या हातात का दिलंस? तू हसलीस, आणि तुझं ते हसणं अजून माझ्या डोक्यात बसलंय.

"तुझ्याकडं लई हाय गं," म्हणालीस. "त्यांच्याकडं कायबी न्हवतं."

तिथून आपलं भांडण सुरू झालं ते संपलंच नाही. दर शनिवारी अर्ध्या दिवसाच्या शाळेनंतर तू आक्काकडं निघायचीस, मी आप्पांकडं. आई गेल्यापासून ते एकटेच होते. रविवारी संध्याकाळी परत एकत्र. जाता येता तेच. कंडक्टर ओळखीचा झाला होता, कानडीत म्हणायचा, आज तरी मिटवा.

माझं म्हणणं साधं होतं. गाव ज्याच्यावर थुंकतं त्या माणसाबद्दल लोकांना कळवळा यायला हवा, कबूल. पण तो जसा आहे तसा दाखवून यायला हवा. माझे आप्पा कठोर होते. राखेनं हात घासायचे तेही खरं आणि कट्टे परत डब्यात टाकले तेही खरं. तू त्यांच्या पदरात खोटं पुण्य बांधलंस तेव्हा कुठं बायकांना ते माणूस वाटले. म्हणजे खरे आप्पा माणूस नव्हतेच की काय? पुण्य नसलेल्या माणसाला कुणी खुर्ची द्यायचीच नाही का? मी म्हणायचे, तू मारकुट्या बापाला माफ करून टाकलंस, मार खाणाऱ्या पोरीला न विचारता. तू म्हणायचीस, गाव अजून तेवढं मोठं झालेलं नाही, त्याला चमच्यानंच भरवायला लागतं. मी म्हणायचे, चमच्यानं भरवलेलं पोटात राहत नाही. मग हत्तरगीचा थांबा येईपर्यंत तू गप्प, आणि शेवटी ते ठरलेलं वाक्य, "सांगीन कधीतरी." काय सांगणार होतीस ते मात्र नाही.

आणि परतीच्या बसमध्ये तुझा एक प्रश्न असायचा. जागा धरून बसलो, पिशव्या पायाशी घेतल्या की विचारायचीस, "आप्पा काय म्हणाले?" मी म्हणायचे, काय म्हणणार, बस वेळेवर होती काय, जावईबापू बरे हायत काय. तू म्हणायचीस, आणि? मी म्हणायचे, आणि मीठ दे म्हणाले. हे खरंच होतं. नाटकानंतरच्या त्या शेवटच्या दीड वर्षात आप्पांना काय झालं होतं कोण जाणे. मी शनिवारी रांधायचे, वाढून समोर बसायचे. ते दोन घास खायचे, मान वर करायचे, माझ्याकडं बघत राहायचे आणि म्हणायचे, "मंगल." मी म्हणायचे, काय आप्पा? ते थोडा वेळ थांबायचे. मग म्हणायचे, "मीठ दे." मला वाटायचं, वयानं जिभेची चव गेली. मी आमटीत मीठ वाढवलं. तरी मागायचे. तुला हे सांगितलं की तू खिडकीकडं तोंड करून बसायचीस. मला वाटायचं, हिला कंटाळा आला.

आप्पा गेले तेव्हा तू मला घट्ट धरलंस आणि कानात विचारलंस, "कायच न्हाय म्हणाले?" कसला हा प्रश्न, असं तेव्हा मला वाटलं होतं. चिडायचं त्राण नव्हतं म्हणून सोडून दिलं. पुढंही दर शनिवारी मी तुझ्याबरोबर येत राहिले, आक्काला भेटायला.

दवाखान्यातलं राहिलं. तुझा आवाज निम्मा झाला होता. तू माझं मनगट धरलंस, म्हणालीस, "मंगे, तुझे आप्पा..." आणि तुला ठसका लागला. आणि मी, मूर्ख बाई, पाण्याचा पेला पुढं करून म्हणाले, राहू दे ते आता, बरी हो, मग बसमध्ये भांडू. तू पाणी प्यालीस आणि डोळे मिटून पडून राहिलीस. तुझ्यावर एवढी चिडते आहे, त्यातला निम्मा राग माझ्यावरचा आहे हे कबूल करते.

तर बाराव्याला मी आक्काशी भांडले. तू नव्हतीस, मग कुणाशी भांडणार? पाहुणे पांगल्यावर ती चुलीपाशी बसली होती. मी म्हटलं, आक्का, तुझ्या पोरीनं मला एक उत्तर द्यायचं ठेवलंय. तिनं सगळं ऐकून घेतलं. चिंधी बांधलेलं ते बोट अजून जरा वाकडंच आहे, दुसऱ्या हातानं ते चोळत बसली. मग म्हणाली, "तुझे आप्पा आलते गं आमच्याकडं. नाटक झाल्यावर चौथ्या दिशी."

मी म्हटलं, आप्पा तुमच्याकडं?

दिवाळीची सुट्टी होती म्हणून तू घरी होतीस. मी बेळगावला गेले होते. आप्पा दारात आले, आत या म्हटलं तर आले नाहीत. उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. मग बोलले ते आक्कानं मला जसंच्या तसं सांगितलं.

"म्हणाले, शालन, टीव्हीत दावलंस ते म्या केलेलं न्हाय. माझ्या पोरीनं केलं. म्या ते कट्टं परत डब्यात टाकलं, आन् घरात नेऊन तिला मारलं. गाव माझ्या पाया पडाय लागलंय, मला भाकरी गिळंना झालीया." आक्कानं बोट चोळायचं थांबवलं. "आन् मंगल, त्यांनी वर बघितलं. चौदा वर्सं माझ्या विड्या बघितल्या त्या मानसानं, तोंड कधी बघितलं न्हवतं. त्या दिशी माझ्याकडं बघत हुबं ऱ्हायले. लई येळ."

मी विचारलं, मग मला का नाही सांगितलंत? तीन वर्षं, आक्का.

"तेच नगो म्हणाले. तिला मीच सांगनार हाय, तुमी कुनी सांगू नगासा. शालनकडनं शपत घेतली." मग तिनं विस्तवावरचं लाकूड मागं ओढलं. "ते गेल्यावर शालन कडी लावून बसली. म्हणाली, आक्का, मंगीच बरोबर हाय. ह्ये दावाय पायजे हुतं."

म्हणजे तुला माहीत होतं. मी बरोबर आहे हे चौथ्याच दिवशी कळलं होतं तुला, आणि तरी दर शनिवारी माझ्याशी वाद घालत राहिलीस. घालणं भागच होतं म्हणा. हरलीस असं कबूल केलं असतंस तर मी कारण विचारलं असतं. माझा बाप मला सांगेल म्हणून तू दर रविवारी बसमध्ये वाट बघत होतीस, आणि मी तुला मिठाच्या गोष्टी सांगत होते. शपथ कसली पाळतेस गं, माझे आई? ते गेले त्या दिवशी तरी मोडायचीस. निदान त्यानंतरच्या एखाद्या रविवारी. पाप लागलं असतं तर निम्मं मी घेतलं असतं. एवढं माणसांना ओळखायचीस, जगाच्या वाईट माणसांच्या पोटात शिरायचीस, आणि शेजारच्या सीटवर बसलेल्या बाईला काय हवंय ते तुला कळलं नाही?

तुझ्या नाटकापेक्षा तुझ्या उंबऱ्यावर झालं ते मोठं होतं, शालन. ते बघायला गल्ली नव्हती, मुंग्या नव्हत्या, खुर्ची नव्हती. आक्का होती आणि तू होतीस. तू त्यांच्या हातात माझे दोन कट्टे दिलेस म्हणून ते तिथवर आले, हेही मला दिसतंय. नसते दिलेस तर आले नसते. म्हणजे आपण दोघी बरोबर होतो की दोघी चूक, हे आता ठरवायचं कुणी? तुला काय, तू सुटलीस. मला अजून दर शनिवारी ही बस धरायची आहे, आक्काकडं कुणी तरी जायला हवं.

परतताना खिडकीकडची जागा मोकळी होती. मी तिथं बसले नाही. सारखं एकच डोळ्यांसमोर येत होतं. ज्या माणसानं जन्मभर कुणाकडं मान वर केली नाही तो दीड वर्ष दर शनिवारी ताटावरून मान वर करून माझ्याकडं बघत होता, मंगल म्हणत होता, आणि मी दर वेळी उठून मीठ आणत होते.